शुक्रवारची बोट

२६ मे २०२३, शुक्रवार. सकाळी साडेनऊच्या सुमारास, मालदीवमधल्या माफुशी बेटावरून राजधानी मालेला जाणाऱ्या स्पीडबोटीत माझ्या आईच्या पाठीचा मणका दबला. तेव्हा तिचं वय ६९ होतं. बोट बुडाली नाही, कुणी पाण्यात पडलं नाही, बरोबरच्या अठरा-वीस प्रवाशांपैकी कुणाला खरचटलंही नाही. ऊन पडलेलं होतं. तरीही आई पुढचे तीन महिने पाठीला आधार देणाऱ्या ब्रेसमध्ये होती.

हे सगळं बैजवार लिहून काढतेय, कारण परत आल्यापासून ओळखीच्या चार-पाच घरांतून विचारणा झाली. "तुम्ही बेटं फिरून आलात ना, आम्हीही आई-बाबांना घेऊन जातोय, काय काय बघायचं?" काय बघायचं ते सांगणारे पुष्कळ आहेत. बोटीत कुठे बसायचं, हे मात्र मला जाण्याआधी कुणीच सांगितलं नव्हतं.

बेत

आम्ही चौघं होतो. आई, मी, माझा नवरा आणि तेरा वर्षांचा मुलगा. आई कराडची. रोज पहाटे प्रीतिसंगमावर चालून येणारी, बीपीच्या एका गोळीवर असलेली, गुडघे शाबूत असलेली बाई. तिच्या हाडांची तपासणी कधी केली नव्हती. तशी वेळच आली नाही असं आम्ही समजत होतो. दोनेक वर्षांत तिच्या साडीची उंची बदलली होती, निऱ्या जमिनीला लागायला लागल्या होत्या. "साड्याच हल्ली मोठ्या यायला लागल्यात," असं ती म्हणायची आणि आम्हीही ते ऐकून सोडून द्यायचो.

मालदीवमध्ये पर्यटन सुरू झालं १९७२ मध्ये, आणि पुढची जवळपास चार दशकं पाहुण्यांचा मुक्काम रिसॉर्टच्या बेटांवरच असायचा. २००९-१० च्या सुमाराला नियम बदलले, लोकवस्तीच्या बेटांवर गेस्टहाऊस उघडायला परवानगी मिळाली आणि माफुशीसारखी बेटं आपल्यासारख्या मध्यमवर्गीयांच्या आवाक्यात आली. तिथे राहायचं आणि एका बेटावरून दुसऱ्यावर स्थानिक लोक जातात तसं जायचं, असा आमचा बेत होता.

मुंबईत वॉटर टॅक्सी म्हटलं की फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झालेली बेलापूरची बोट आठवते. तिथे ती रस्त्याला आणि लोकलला पर्याय म्हणून आली. मालदीवमध्ये बोट हाच रस्ता. सुमारे १,२०० बेटं, त्यातली दोनशेहून कमी वस्तीची, आणि उत्तर-दक्षिण पसारा साधारण ८७० किलोमीटरचा. दुकानातली अंडी, शाळेची पुस्तकं, बाळंतीण, सगळं बोटीनेच येतं-जातं. आपल्याकडे पावसाळ्यात गेटवे-मांडवा लाँच बंद ठेवता येते. तिथे पावसाळ्यातही बोटी चालू ठेवाव्याच लागतात.

दोन प्रकारच्या बोटी आमच्या कामाच्या होत्या. एक सरकारी फेरी, मोठ्या धोनीच्या, म्हणजे तिथल्या पारंपरिक बोटीच्या घाटाची, छप्पर असलेली, दोन्ही बाजूंना बाकं. माले ते माफुशी अंतर सत्तावीस-अठ्ठावीस किलोमीटर, फेरीला तेव्हा दीड तास लागायचा आणि भाडं माणशी दोन-तीन डॉलर होतं. दुसरी स्पीडबोट, म्हणजे तिथली वॉटर टॅक्सी. फायबरची, मागे दोन-तीन दणकट इंजिनं. तेच अंतर चाळीस मिनिटांच्या आत, भाडं वीस-पंचवीस डॉलर.

मी एक्सेलमध्ये तक्ता केला होता. बेट, अंतर, वेळ, भाडं, खोलीचे पैसे. वार लिहायला रकाना ठेवला नव्हता.

मंगळवारी दुपारी तीनच्या फेरीने आम्ही मालेहून निघालो. आई पहिल्या पाच मिनिटांतच रमली. "ही तर आपली एलिफंटाची लाँच," असं म्हणून तिने चपला काढल्या आणि मांडी घातली. समोरच्या बाकावर एक आजीबाई अंड्यांचे ट्रे मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि शेजारच्या नातीला मोजायला लावत होत्या. एकेह, देह, तिनेह, हतरेह, फहेह. आई एकदम ताठ झाली. "अगं, ही आपलंच मोजतेय." मुलीने हयेह, हतेह, अशेह, नुवएह, दिहएह असे दहा पुरे केले तोवर आईही तिच्याबरोबर म्हणायला लागली होती. दिवेही भाषा सिंहलीची सख्खी बहीण, म्हणजे मराठीच्या कुळातलीच. हे मी वाचलेलं होतं. आईने ते दोन बाकांच्या मधल्या जागेत ऐकलं. उतरताना आजीबाईंनी तिच्या हातावर हात ठेवला. फेरी धक्क्याला लागली की एक खलाशी काठावर एक पाय ठेवून उभा राहतो आणि प्रत्येक वयस्कर माणसाला कोपराला धरून उतरवतो. आईलाही तसंच उतरवलं.

माफुशीचे तीन दिवस छान गेले. सकाळी रोशी, म्हणजे आपली पोळीच, संध्याकाळी धक्क्याजवळच्या दोरीच्या जोआलीत, म्हणजे विणलेल्या बैठकीत, बसून येणाऱ्या-जाणाऱ्या बोटी बघणं. झोपाळ्याला तिथे उंधोली म्हणतात हे कळल्यावर आईने आपला हिंदोळा आठवून तो शब्द वहीत लिहून ठेवला.

शुक्रवार

शुक्रवारी थुलुसधूला जायचं होतं. ते उत्तर माले अटोल या वेगळ्या बेटसमूहात, म्हणजे आधी माले आणि तिथून पुढे दुसरी बोट. बुधवारी रात्री गेस्टहाऊसच्या मालकाला फेरीची वेळ विचारली तेव्हा कळलं की शुक्रवारी आमच्या मार्गावर फेरी नाही. जुम्म्याचा दिवस, देशाची सुट्टी. यात लपवलेलं काही नव्हतं, धक्क्यावरच्या फलकावर लिहिलेलं होतं. मी पाहिलं नव्हतं इतकंच.

आमच्यापुढे दोन वाटा होत्या. माफुशीलाच आणखी एक रात्र थांबून शनिवारच्या फेरीने जायचं आणि थुलुसधूच्या खोलीचे एका रात्रीचे ८५ डॉलर सोडून द्यायचे. किंवा शुक्रवारी सकाळी नऊच्या स्पीडबोटीने मालेला आणि साडेअकराच्या दुसऱ्या स्पीडबोटीने थुलुसधूला. मी दुसरी वाट धरली. नवरा म्हणाला होता की राहू या इथेच, आईंना बरं वाटतंय इथे. ८५ डॉलर वाया घालवायचे म्हणजे काय, असं मी म्हटलं. मालक म्हणाला, "शुक्रवारी समुद्र थोडा हलेल." हलेल म्हणजे मळमळेल, असा मी अर्थ घेतला आणि सकाळी आईला एव्होमिनची गोळी दिली.

इथे त्या समुद्राची रचना सांगायला हवी, नाहीतर पुढचं नीट कळणार नाही. अटोल हा शब्दच दिवेहीतला. प्रवाळांचं मोठं कडं आणि त्याच्या आत उथळ, शांत पाणी. कड्याच्या आत असेपर्यंत बोट तळ्यातून चालल्यासारखी चालते. पण एका अटोलमधून दुसऱ्यात जाताना मधली खोल सामुद्रधुनी ओलांडावी लागते. तिला कंदू म्हणतात. दक्षिण माले अटोल आणि माले यांच्यामध्ये वाधू कंदू आहे. तिथे आडोसा संपतो. मेमध्ये नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू झालेले असतात, त्यांना तिथे हुळंगू म्हणतात. पश्चिमेकडून मोठी लाट त्या फटीतून थेट आत शिरते. किनाऱ्यावरून समुद्र निळाशार आणि शांत दिसतो, कारण आपण जे बघतो ते तळं असतं.

बोटीत आमच्याआधी एक मोठा गट चढला होता. मागच्या तिन्ही रांगा भरल्या होत्या आणि इंजिनांपुढच्या मोकळ्या जागेत बॅगा रचल्या होत्या. खलाशी पोरगेलासा होता. त्याने पुढे बोट दाखवलं. अगदी पुढची, तोंडाजवळची दोन आसनं रिकामी होती. मला बरंच वाटलं. आईला वारा लागेल, समोरचं दिसेल. शिवाय एसटीने प्रवास केलेल्या कुठल्याही माणसाच्या अंगात मुरलेली गोष्ट आहे ही, की मागच्या बाकावर आदळतं, म्हणून म्हाताऱ्या माणसाला पुढे बसवायचं. मी आईला पुढे बसवलं. स्वतःच्या हाताने.

आदळली ती लाट

पहिली पंचवीस मिनिटं काहीच झालं नाही. मग उजवीकडचं शेवटचं बेट मागे पडलं आणि पाण्याचा रंग बदलला. फिकट हिरव्याचा एकदम काळपट निळा. दोन-तीन लाटांवर बोट उचलली गेली आणि खाली बसली. मुलगा हसला, मीही हसले. आई मांडीवर पिशवी घेऊन बसली होती, दोन्ही हात पिशवीवर, पाय पुढे पसरलेले. पिशवीत स्टीलचा डबा होता, मुलासाठी घेतलेल्या दशम्यांचा.

चौथ्या की पाचव्या लाटेला बोटीचं तोंड वर गेलं आणि तिथेच राहिलं. मला आठवतो तो इंजिनांचा आवाज. पाण्याचा भार सुटल्यावर तो बारीक, चढा झाला. आई आसनावरून सुटली होती. किती, चार बोटं असेल. मी तिच्याकडे बघत होते म्हणून मला ते दिसलं. साडीचा घोळ वर आलेला आणि तिच्या व आसनाच्या मध्ये उजेड. मग बोटीचा तळ पाण्यावर आपटला, काँक्रीटवर आपटावा तसा, आणि आसन खालून वर आलं त्याच वेळी आई खाली आली. डबा पिशवीतून उडून माझ्या पायाशी घरंगळला. आई ओरडली नाही. "आई गं" एवढंच म्हणाली, हळू, ताप आल्यावर माणूस म्हणतं तसं. चेहरा पांढराफटक.

मागून कुणीतरी ओरडलं. तांडेलाने वेग कमी केला आणि उरलेलं पाणी त्याने सावकाश काढलं. म्हणजे सावकाश काढता येत होतं.

मालेच्या धक्क्यावर उतरलो तेव्हा पावणेदहा वाजले होते. इथपर्यंत जे झालं त्यात अज्ञान होतं. पुढच्या पावणेदोन तासांत जे झालं ती माझी चूक, आणि ती मला जास्त लागते. आई म्हणाली, "चमक भरलीय, बसेल." मी बाम चोळला. टॅक्सीने दहा मिनिटांवर मोठं रुग्णालय होतं. ती बाकावर नीट बसत नव्हती, दोन्ही तळहात टेकवून अंग उचलून धरत होती. मला दिसत होतं. ती आपल्यामुळे कुणाचा बेत मोडू नये म्हणून सोसणारी बाई आहे हेही मला माहीत आहे, जन्मापासून माहीत आहे. तरी मी तिला साडेअकराच्या बोटीत बसवलं. या वेळी मागे बसवलं, पण बसवलं.

थुलुसधूला पोचल्यावर ती आडवी झाली आणि संध्याकाळपर्यंत उठली नाही. रात्री आठला कूस बदलता येईना. खोकला आला तर डोळ्यांत पाणी. तेव्हा आम्ही आरोग्य केंद्रात गेलो. डॉक्टर भारतातले होते, तिथल्या बेटांवर आपल्याकडचे पुष्कळ डॉक्टर काम करतात. त्यांनी आधी आईला काही विचारलंच नाही, मला विचारलं, "बोटीत पुढे बसल्या होत्या का?"

मग त्यांनी तिच्या पायाची बोटं हलवून घेतली, दोन्ही पाय एकेक करून उचलायला लावले, मांडीच्या आतल्या बाजूला स्पर्श कळतोय का ते पाहिलं, लघवी नेहमीसारखी झाली का विचारलं. सगळं ठीक होतं. मग पाठीच्या मध्यावरून बोटाने एकेक मणका हलकेच ठोकत खाली आले आणि जिथे छातीचा पिंजरा संपून कंबर सुरू होते तिथे आई किंचाळली. डी-१२ किंवा एल-१, म्हणजे छातीचा शेवटचा किंवा कमरेचा पहिला मणका, ते म्हणाले, बहुतेक दबलाय. एक्स-रे आणि एमआरआय मालेत करून घ्या. आत्ता लगेच स्पीडबोटीने नेऊ का, असं मी विचारलं. ते जवळजवळ रागावलेच. नसांवर दाब असल्याची खूण नाही, अंधार आहे, समुद्र आहे तसाच आहे. रात्रभर सपाट झोपवा. पायात मुंग्या आल्या, पाय लुळा वाटला किंवा लघवी अडली तर त्याच क्षणी बोलवा, सागरी ॲम्ब्युलन्स मागवू. नाहीतर सकाळच्या फेरीने न्या. फेरी हळू जाते, आदळत नाही.

शनिवारची फेरी

सकाळी गेस्टहाऊसच्या मुलांनी खोलीतली गादीच उचलली. आरोग्य केंद्राचं स्ट्रेचर, सामान नेण्याची हातगाडी, आणि धक्क्यापर्यंत चालत येणारी आठ-दहा माणसं. यातल्या एकालाही आम्ही ओळखत नव्हतो. ओहोटी होती, फेरीचा काठ धक्क्याहून हातभर खाली गेला होता. तांडेल स्वतः खाली आला. दोघं फेरीत, दोघं धक्क्यावर, आणि दोर आवळून बोट धक्क्याला अशी घट्ट धरली की मधली फट दिसेनाशी झाली. आईला आडवीच्या आडवी आत घेतलं. दोन बाकांच्या मध्ये, बरोबर मध्यावर, इंजिनाच्या थोडं पुढे गादी टाकली. जागा तांडेलाने निवडली. "इथे सगळ्यात कमी हलतं," असं त्याने हाताने करून दाखवलं. तळहात आडवा धरून पुढचं टोक वरखाली केलं आणि मनगटाकडे बोट दाखवलं. मनगट जागचं हललं नव्हतं.

जवळपास दोन तास लागले. मध्ये हुरा आणि हिम्माफुशीला थांबलो. तिथे चढणारी माणसं चपला हातात घेऊन गादीच्या कडेने जात होती. माझ्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ होते, आयुष्यभर मासेमारी केलेले. बायकोच्या उपचारांसाठी तिरुवनंतपुरमला महिनाभर राहिलेले आणि सिनेमांतून शिकलेलं हिंदी बोलणारे. ते आईकडे बघून म्हणाले, "या दिवसांत जोरात नाही जायचं. आत्ता रोअनु आहे."

आई डोळे मिटून पडली होती. तशीच म्हणाली, "रोहिणी?"

मालदीवमधले मच्छीमार वर्षाचे सत्तावीस भाग करतात, प्रत्येक तेरा-चौदा दिवसांचा. त्याला नकई म्हणतात, आपलं नक्षत्र. वारा कुठून येईल, कधी समुद्र बोट सोसेल, कधी नाही, हे सगळं नकईवर बांधलेलं. वृद्धाने बोटं मोडत पुढची नावं घेतली. मियाहेली, अधा, फुनोस, फुस. आणि गादीवरून आई म्हणत होती, मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य. आहुलिहा. आश्लेषा. मा. मघा. त्यांची मियाहेली जूनच्या पहिल्या आठवड्यात लागते, आपला मृगही त्याच सुमाराला. पंचवीस तासांत आई पहिल्यांदाच दुखण्याशिवाय दुसरं काही बोलत होती. मी तोंड फिरवून समुद्राकडे बघत बसले.

मालेत एमआरआय झाला. एल-१ मणका पुढच्या बाजूने पाचरीसारखा दबला होता, उंची जवळजवळ एक तृतीयांशाने कमी. मागची भिंत शाबूत, मज्जारज्जूवर दाब नाही. शस्त्रक्रियेची गरज नव्हती. चार दिवस तिथे, मग ब्रेस, विमान कंपनीला आधी कळवून व्हीलचेअर आणि डॉक्टरांचं प्रमाणपत्र, आणि थेट मुंबई. कराडला लगेच नेलं नाही. मुंबई ते कराड तीनशे किलोमीटरच्या रस्त्यावर गतिरोधक किती, हे तोवर कधी मोजलं नव्हतं. आई तीन आठवडे ठाण्याला मावशीकडे राहिली.

असं होतं कसं

परतल्यावर ठाण्याच्या अस्थिरोगतज्ज्ञांना मी हे विचारलं, आणि मग बोटींच्या बाजूनेही वाचलं. स्पीडबोट पंचवीस नॉटने, म्हणजे ताशी सुमारे ४६ किलोमीटरने जात असली की लाटेच्या माथ्यावरून तिचं तोंड हवेत सुटतं. मागचा भाग, जिथे इंजिनांचं वजन आहे, तो पाण्यातच राहतो. त्यामुळे बोट मागच्या बाजूवर झुलते. पाळण्याची दोरी धरलेल्या हाताशी हालचाल कमी आणि लांबच्या टोकाला जास्त, तसंच. एकाच लाटेवर मागे बसलेल्याला धक्का बसतो आणि पुढे बसलेला उचलून आपटला जातो. एसटीच्या अगदी उलट. एसटीत मागची चाकं बसणाऱ्याच्या पुढे असतात आणि मागचा बाक त्यांच्या पलीकडे लोंबतो. बोटीत तसा लोंबणारा भाग म्हणजे तोंड.

पुढे काय होतं ते आईच्या बाबतीत मी डोळ्यांनी पाहिलं. माणूस वर, आसन खाली, आणि परत येताना दोन्ही एकमेकांवर. आसनाचा पातळ फोम एका क्षणात तळाला टेकतो आणि सगळा भार बसण्याच्या हाडांतून सरळ कण्यात चढतो. पाय पसरून, थोडं पोक काढून बसलेलं असेल तर तो भार मणक्याच्या पुढच्या कडेवर येतो. छातीचा ताठ भाग संपून कमरेचा लवचीक भाग जिथे सुरू होतो, तिथले डी-१२ आणि एल-१ हे मणके आधी दबतात. हे फक्त म्हाताऱ्यांचंच होतं असंही नाही. ब्रिटनच्या सागरी अपघात तपास विभागाने वेगवान सहलीच्या बोटींतल्या अशा दुखापतींची चौकशी केली आहे. २००८ मध्ये ब्रिस्टल चॅनलमधल्या सहलीच्या बोटीत एका प्रवासी महिलेचा मणका असाच दबला होता. हाडं चांगली असली तरी हे होऊ शकतं. हाडं पोकळ झालेली असली की कमी धक्क्यातही होतं.

आणि आईची झालेली होती. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा स्कॅनमध्ये टी-स्कोर उणे ३.१ आला. उणे २.५ किंवा त्याखाली गेलं की ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. पाळी गेल्यानंतर बायकांची हाडं झिजत जातात, दुखत काही नाही, आणि पुष्कळदा पहिली बातमी मणका दबल्यावरच कळते. डॉक्टरांनी साड्यांचं ऐकलं आणि म्हणाले, उंची कमी होणं हीच खूण होती. लग्नाच्या वेळची उंची आणि आजची उंची यांत चार सेंटिमीटरचा फरक निघाला. सगळा काही त्या बोटीतला नव्हता.

पैशांचं सांगते, कारण निर्णय पैशांवरून घेतला होता. ८५ डॉलर वाचवायला गेले. विम्यातून रुग्णालयाचा खर्च परत मिळाला. चौघांची बदललेली तिकिटं, मालेतल्या चार रात्री, ठाणे-कराड फेऱ्या, ब्रेस, औषधं हे सगळं मिळून सव्वा लाखाच्या घरात गेलं. नवऱ्याची रजा आणि माझी बिनपगारी रजा यात धरलेली नाही. थुलुसधूच्या गेस्टहाऊसने दुसऱ्या रात्रीचे पैसे न मागता परत केले.

आता कुणी विचारलं तर मी हे सांगते. साठीच्या पुढच्या बाईला बेटांवर न्यायचं असेल तर आधी डेक्सा करून घ्या, अर्ध्या तासाचंही काम नाही. मणका आधी दबलेला असेल किंवा हाडं फार झिजली असतील तर स्पीडबोट नकोच, फेरीनेच फिरा. फेरीने बेटं कमी होतात, होऊ द्या. आमच्या सहलीतला सगळ्यात चांगला तास मंगळवारच्या फेरीतला होता. बेत आखताना आधी वार लिहा, मग अंतर. परतीच्या विमानाच्या आधी एक दिवस रिकामा ठेवा, म्हणजे समुद्र चढला तर थांबायची मुभा राहते. नोव्हेंबरच्या शेवटापासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत पाणी सहसा शांत असतं. मेची सुट्टी आपल्याला सोयीची, समुद्राला नाही.

स्पीडबोटीत बसावंच लागलं तर मागे, इंजिनांजवळ. पाय जमिनीवर टेकलेले, पाठ ताठ, मांडीवर काही नाही, दोन्ही हात कशाला तरी धरलेले. मागे जागा नसेल तर मागच्या लोकांना सांगा. बहुतेक लोक उठतात, त्यांना माहीत नसतं एवढंच. गरोदर बाई, पाठीचं ऑपरेशन झालेलं माणूस, यांनाही हेच. तांडेलाला चढतानाच सांगा की म्हातारं माणूस आहे, कंदूत हळू घ्या. धक्का बसल्यावर पाठीत कळ राहिली तर पुढची बोट सोडा आणि त्याच गावात डॉक्टरकडे जा. ही शेवटची गोष्ट मी केली नाही.

त्या स्पीडबोटीच्या कंपनीला मी पत्र लिहिलं. भरपाई मागितली नाही. मागच्या दोन रांगा वृद्धांसाठी आणि गरोदर स्त्रियांसाठी राखून ठेवा, बॅगा पुढे ठेवा आणि माणसं मागे बसवा, एवढंच लिहिलं. उत्तर आलं नाही. दोन महिन्यांनी पुन्हा लिहिलं, तेव्हाही नाही. मुलाने तेच चित्रासकट छापून माफुशीच्या गेस्टहाऊसच्या मालकाला पाठवलं. त्याने ते स्वागताच्या टेबलामागच्या भिंतीवर लावलं आणि फोटो पाठवला.

आईचा ब्रेस ऑगस्टच्या शेवटी सुटला. आता वर्षातून एकदा हाडांचं इंजेक्शन, रोज कॅल्शियम, आणि प्रीतिसंगमावर चालणं पुन्हा सुरू, आधीपेक्षा सावकाश. बराच वेळ उभं राहिलं की अजून दुखतं. वहीत तिने उंधोलीच्या खाली सत्तावीस नकया लिहून घेतल्या आहेत, समोर आपली नक्षत्रं. ब्रेस गेल्या पावसाळ्यात शेजारच्या काकू घेऊन गेल्या. मुलाच्या स्कूटरवर मागे बसल्या होत्या, पाण्याने भरलेला खड्डा दिसला नाही. त्यांचाही एल-१ च.